साफ प्रिंटची वाट बघताना

मंगळवारी सकाळी सात वाजता जुलेखाभाभींचा फोन आला. इस्माईलभाई पहाटे नमाजासाठी उठले, हातपाय धुऊन वजू केली, शिलाई मशीनजवळच्या स्टुलावर बसले आणि तिथेच गेले. मी शाळेत रजेचा निरोप दिला आणि मोखाड्याहून जव्हारची जीप धरली. दुपारी माती दिली.

त्यांचा चाळिसावाही आता झाला. इतके दिवस लिहायला बसत होतो आणि उठत होतो. इस्माईलभाई जव्हारमधले एक शिंपी होते. वाचकांनी त्यांचं नाव ऐकलेलं असण्याचं कारण नाही, आणि त्यांना तशी हौसही नव्हती. पण त्यांना एका गोष्टीची फार वर्षं आस लागून राहिली होती. एका जुन्या जपानी चित्रपटाचा शेवट त्यांना नीट, स्वच्छ बघायचा होता. तो शेवट पुसला जायला मी कारणीभूत होतो. त्यामुळे हे सांगणं माझ्याकडेच येतं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी सूर्यमाळच्या आश्रमशाळेत मास्तर म्हणून आलो. मुलांच्या गणवेशाचं कापड शिवायला इस्माईलभाईंकडे जायचं. पहिल्या वर्षी चाळीस गणवेशांचं कापड दिलं, तर गठ्ठ्यात एकेचाळीस निघाले. माझा स्वभाव असा की मी तो एक गणवेश घेऊन पुढच्या शनिवारी जव्हारला परत करायला गेलो. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "गुरुजी, दिवाळीनंतर एखादं पोर येतंच की नाही शाळेत? आईबाप वीटभट्टीवर जाताना सोडून जातात ते? त्याला काय सांगणार, कापड संपलं?" कापड बेतताना ते अशा हिशोबाने कात्री फिरवायचे की तुकड्यातुकड्यांतून एक जास्तीचा निघायचाच. कुठल्याही मोठ्या कामात त्यांचा हा एक ठरलेला असायचा. त्याबद्दल कधी बोलायचे नाहीत. मी परत करायला गेलो नसतो, तर मलाही कळलं नसतं.

आमची खरी ओळख मात्र पुढच्या वर्षी झाली. त्यांचे साडू मुंबईत जुन्या सामानाचा धंदा करायचे. त्यांनी एक वापरलेला व्हीसीआर आणि खोकाभर कॅसेट पाठवल्या. बहुतेक हिंदी मारधाडीच्या होत्या. चारांवर काही लिहिलेलंच नव्हतं. त्या लावल्या तर निघाले जपानी चित्रपट. काळेपांढरे, तलवारी बाळगणाऱ्या लोकांचे, खाली इंग्रजी ओळी. मी दुकानाची पायरी चढलो तसं त्यांनी विचारलं, "गुरुजी, इंग्रजी वाचता येतं ना तुम्हाला?" मी म्हटलं, येतं. "मग बसा. चार दिवस झाले, हे लोक मान खाली घालून एकमेकांशी काहीतरी महत्त्वाचं बोलतायत, आणि मला कळत नाही."

तेव्हापासून जवळजवळ प्रत्येक रविवारी दुपारी, वीज असेल तर, आम्ही दुकानामागच्या खोलीत बसायचो. मी खालच्या ओळी वाचून मराठीत सांगायचो. हे काम वाटतं तितकं सोपं नव्हतं. एकदा एक तरुण आपल्या बापाला मारणाऱ्याला शोधत येतो आणि त्याच्याशी बोलायला लागतो. मी म्हटलं, "तो म्हणतो, तू माझ्या बापाला मारलंस." इस्माईलभाईंनी चित्र थांबवलं. "तू? एवढा म्हातारा माणूस आहे समोर, गुरुजी. तुम्ही म्हणाल त्याला तू?"

"मारायला आलाय तो त्याला, इस्माईलभाई."

"मारायला आला म्हणून काय तमीज सोडेल? त्याची बसायची रीत बघा. अहोच म्हणेल तो."

भाभी आतून म्हणाल्या, "तुम्ही दोघं भांडा. तोवर तो पळून जाईल." मी पुन्हा वाचलं. तुम्ही माझ्या वडिलांना मारलंत. इस्माईलभाईंनी समाधानाने चित्र सुरू केलं.

तलवारबाजीत त्यांचा जीव नव्हता. ती यायची तेव्हा ते पान लावायला घ्यायचे. त्यांना बघायचे असायचे ते कपडे. त्या घेरदार पायजम्याच्या चुण्या किती, त्या बसल्यावर कशा पडतात, बाही खांद्यापाशी उघडी का ठेवली आहे, हे बघायला ते पडद्यापासून वीतभर अंतरावर जाऊन बसायचे. आमच्याकडची कॅसेट म्हणजे कुणीतरी केलेल्या नकलेची नक्कल. टाके तर सोडाच, माणसाचे डोळेही धड दिसायचे नाहीत. "साफ प्रिंट असता ना गुरुजी, तर मी शिवून दाखवला असता." तसा एकदा शिवलाही, अंदाजाने. शाळेच्या गॅदरिंगला मुलं बोहाड्याची, म्हणजे इकडच्या उत्सवातली देवांच्या मुखवट्यांची सोंगं करणार होती, त्यांचे कपडे इस्माईलभाईंकडे दिले होते. शिवून निघाले ते सात चुण्यांचे पायजमे. साखरशेतचा एक गृहस्थ दुकानात सदरा न्यायला आला होता. त्याने एक पायजमा उचलून धरला. "भाई, ह्यो कुठल्या देवाचा?"

"लांबच्या," इस्माईलभाई म्हणाले. "तुमच्याकडे अजून आला नाही."

त्या चार चित्रपटांतला एक त्यांचा होता. त्याचं नाव आम्हाला कधीच कळलं नाही, कारण कॅसेटवर सुरुवातीचा भाग नव्हता. आम्ही त्याला 'छत्रीवाला' म्हणायचो. एका सरदाराचं घराणं बुडतं, आणि त्याचा एक म्हातारा तलवारबहाद्दर पोटासाठी कागदी छत्र्या करून विकायला लागतो. बापाचा सूड घ्यायला एक मुलगा त्याला शोधत येतो. म्हातारा नाही म्हणत नाही. एवढंच म्हणतो की बारा छत्र्यांचं काम घेतलं आहे, तेवढं पुरं करू दे, मग तू म्हणशील तिथे येतो. मुलगा वाट बघत अंगणात बसतो. एक दिवस, दोन दिवस... मग न राहवून बांबूच्या काड्या तासायला लागतो. सगळा चित्रपट हा एवढाच. "काम घेतलं म्हणजे पुरं करायचं," इस्माईलभाई म्हणायचे. "मरण काय, दारात बसेल थोडा वेळ." हे बोलताना त्यांचा हात काजाबटणावर चाललेला असायचा.

शेवटी दोघं देवळाच्या आवारात जातात. बर्फ पडत असतो. आणि इथेच आमची पंचाईत व्हायची. बर्फ आम्ही दोघांनीही कधी पाहिलेला नव्हता, आणि त्या कॅसेटवर तो दिसायचाही नाही. जमीन पांढरी, आभाळ पांढरं, दोघांचे कपडे पांढरे, आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांतल्या ओळी. दोन सावल्या जवळ यायच्या. खाली काहीतरी काळं पडायचं. एक सावली निघून जायची, दुसरी त्या पांढऱ्यात दिसेनाशी झालेली. कोण पडलं, कोण गेलं? मी म्हणायचो मुलगा गेला. इस्माईलभाई म्हणायचे, चालीवरून म्हातारा वाटतो. पाचसहा वेळा बघितलं, पाचसहा वेळा वाद घातला. त्या जागी कुणीतरी एक वाक्य बोलतं, आणि ते तर बर्फात पार बुडालेलं. पहिल्या वेळी त्यांनी विचारलं, "काय म्हणाला?" मला वाचता आलं नव्हतं. पण त्यांचा चेहरा असा होता की मला नाही म्हणवेना. मी म्हटलं, "म्हणतो, आता माझं काम संपलं."

"वा," ते म्हणाले. त्या दिवसापासून दुकान बंद करताना, मशीनवर कापड झाकताना, ते हे वाक्य म्हणायला लागले. आता माझं काम संपलं. मला दर वेळी आत कुठेतरी टोचायचं, पण खरं सांगायची वेळ निघून गेली होती.

कॅसेट वाजवून वाजवून झिजेल या भीतीने त्यांनी तिची एक नक्कल करून घ्यायचं ठरवलं. जव्हारचा एक स्टुडिओवाला आमच्या गॅदरिंगचं चित्रण करायला सूर्यमाळला येणार होता, त्याच्याकडे ती द्यायची होती. शिंपीखडूने खूण केलेली ती कॅसेट माझ्या हातात ठेवताना इस्माईलभाई म्हणाले, "गुरुजी, हिच्या मागच्या कडेला प्लास्टिकची छोटी पट्टी आहे, ती पेचकसाने मोडून टाका. मग कुणी चुकून हिच्यावर दुसरं काही भरू शकणार नाही. माझ्याकडे आत्ता पेचकस नाही." मी हो म्हटलं. खोलीवर येऊन पेचकस घेतला, पट्टीवर टेकवला... आणि मला ते होईना. मी पुस्तकाचं पान दुमडत नाही. धड असलेल्या वस्तूचा तुकडा मोडायचा, तोही तिला जपण्यासाठी, हे माझ्या डोक्यात बसलंच नाही. कॅसेट तशीच, आम्ही बर्फापाशी थांबवलेली, मागे न फिरवता पिशवीत टाकली.

गॅदरिंग दुपारी पटांगणात होतं. उन्हाळ्यात सूर्यमाळला पाण्याचे हाल, म्हणून आम्ही ते थंडीतच घ्यायचो. इस्माईलभाई कपड्यांचं गाठोडं घेऊन जीपने वर आले होते. मी माइकवर. बोहाड्याची सोंगं निघायच्या ऐन वेळी स्टुडिओवाल्याची कॅसेट भरली. तो मंचाखालच्या माझ्या पिशवीतली कॅसेट उचलून दाखवत ओरडला, "सर, हीच ना कॅसेट?" मला वाटलं, तो नकलेच्या कामाचं विचारतोय. त्याला वाटलं, मी जादा कॅसेट आणून ठेवली आहे. मी मान हलवली. "हीच, हीच. घ्या."

आठवड्याने त्याने गॅदरिंगच्या दोन कॅसेट माझ्या हातात ठेवल्या. दुसरीवर इस्माईलभाईंच्या शिंपीखडूची खूण होती.

तीन रविवार मी जव्हारला गेलो नाही. चौथ्या आठवड्यात जीपवाल्याबरोबर निरोप आला, गुरुजी आजारी आहेत का? तेव्हा गेलो. कॅसेट त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी लावली. म्हाताऱ्याने शेवटच्या छत्रीला कागद चिकटवला, दोघं देवळाच्या आवारात आले, बर्फ सुरू झाला... पडद्यावर आडव्या रेघा आल्या आणि ढोल वाजायला लागला. सूर्यमाळचं पटांगण. सात चुण्यांचे पायजमे घातलेली पोरं धूळ उडवत नाचत होती. इस्माईलभाई हलले नाहीत. मध्येच कडेला एक माणूस दिसला. एका लहान मुलीसमोर उकिडवा बसलेला, दातात दोरा धरलेला. घाईघाईने तिच्या झग्याची उसवलेली तुरपाई घालत होता. मुलीचं लक्ष नाचाकडे, पाय आधीच ताल धरायला लागलेले. त्याने दोरा दाताने तोडला, तिच्या पाठीवर थाप मारली आणि ती धावली. "हा कोण म्हातारा मध्येच आला?" इस्माईलभाई म्हणाले. मग त्यांचं त्यांनाच कळलं.

अठरा मिनिटं ते सगळं बघत राहिले. संपल्यावर विचारलं, "पट्टी मोडली नव्हती ना?"

"नाही."

"वाटलंच मला. पुस्तकवाला माणूस." मग म्हणाले, "चहा घ्या." त्या विषयावर पुन्हा एक शब्दही ते कधी बोलले नाहीत. त्यांनी मला रागावायला हवं होतं असं मला आजही वाटतं.

मग सुरू झालं वाट बघणं. कुठल्याशा इंग्रजी पुरवणीत मी वाचलं की परदेशात जुने जपानी चित्रपट एकेक चौकट धुऊन-पुसून नव्याने काढतायत, घरी बघायच्या तबकड्यांवर. ते कात्रण मी त्यांना दिलं. त्यांनी ते मापाच्या वहीत ठेवलं. नाशिकला गेलो की मी दुकानं पालथी घालायचो. नाव माहीत नाही, दिग्दर्शक माहीत नाही. "जपानी आहे, जुना. एक म्हातारा छत्र्या करतो." एक पोरगा म्हणाला, "काका, कार्टून पाहिजे का नातवाला?" व्हीसीआर जाऊन सीडी आली, सीडी जाऊन डीव्हीडी आली. माझी बदली मोखाड्याच्या शाळेत झाली. इस्माईलभाईंना साखरेचा त्रास सुरू झाला, पायाची जखम भरेना, काम निम्म्यावर आलं. पण मी पायरी चढलो की पहिला प्रश्न तोच असायचा. "आला का साफ प्रिंट?"

आला तो सुमनमुळे. सुमन म्हणजे तुरपाई घालून घेणारी ती मुलगी. बारावीनंतर ती ठाण्याला एका दुकानात तबकड्या विकायच्या काउंटरवर लागली होती. छत्रीवाल्याची गोष्ट मी वर्गात इतक्यांदा सांगितली होती की तिला ती पाठ होती. एका दुपारी तिचा फोन आला. "सर, एका डब्यावर छत्री आहे. मागे बघितलं. एक म्हातारा आहे, एक मुलगा आहे, बर्फपण आहे. ठेवून घेऊ का?" मी जवळची खुर्ची ओढून बसलो. "सर? आहात ना? ठेवलीये मी बाजूला. माझ्याच नावावर ठेवलीये."

तिने ती घेऊनच यायचं ठरवलं. प्लेअर मी शाळेतल्या सहकाऱ्याकडून मागून नेला. इस्माईलभाई खाटेवर पाय लांब करून बसले होते. चित्रपट सुरू झाला आणि पहिल्याच दृश्यात ते पुढे झुकले. "टाके दिसतायत, गुरुजी. बाहीचे टाके दिसतायत!" भाभी हातातलं काम टाकून आल्या. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या दिसत होत्या, कागदातून येणारा उजेड दिसत होता, मुलाच्या पायजम्याला गुडघ्यावर ठिगळ आहे हे इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं. ओळी आता ठळक होत्या, आणि मी त्या जशाच्या तशा वाचत होतो. दोनतीनदा इस्माईलभाईंनी माझ्याकडे वळून पाहिलं. "हे आधी असं नव्हतं."

"नव्हतं."

"म्हणजे तुम्ही तुमचं घालत होतात?"

"दिसत नव्हतं तिथे."

"लबाड माणूस," ते म्हणाले, आणि सुमन हसली.

मग म्हाताऱ्याने छत्र्या भिंतीशी उभ्या केल्या. इस्माईलभाई बोट नाचवत पुटपुटले आणि एकदम म्हणाले, "थांबवा." चित्र थांबवलं. त्यांनी पुन्हा बोट फिरवलं. "तेरा आहेत." मी मोजल्या. तेरा होत्या. काम बाराचं होतं. जुन्या कॅसेटवर ती भिंत म्हणजे नुसता करडा डाग होता, तिथे काही मोजण्याचा प्रश्नच नव्हता. इस्माईलभाईंचं बोट तेराव्या छत्रीवरच राहिलं. ते काय बघतायत हे मला कळलं. मला तो एकेचाळिसावा गणवेश आठवला.

देवळाचं आवार आलं. बर्फ आला, आणि तो खरोखर दिसला. एकेक कण वेगळा. दोघं समोरासमोर. मुलाचा हात तलवारीच्या मुठीवर. म्हातारा वाकतो आणि हातातलं काहीतरी दोघांच्या मधे जमिनीवर ठेवतो. इतकी वर्षं आम्ही ज्याला पडलेला माणूस समजून भांडत होतो, ती छत्री होती. कुणीच पडलेलं नव्हतं. म्हातारा मान खाली करून उभा राहतो आणि एक वाक्य बोलतो. मी ते मनात वाचलं.

"काय म्हणतो?" इस्माईलभाईंनी विचारलं.

"म्हणतो, बर्फ वाढलाय. ही घेऊन जा."

मुलगा कितीतरी वेळ उभा राहतो. मग छत्री उचलतो, उघडतो आणि चालत जातो. संपलं.

भाभींनी डोळ्याला पदर लावला होता. इस्माईलभाई भिंतीकडे बघत होते. मग म्हणाले, "काम संपलं असं तो म्हणालाच नाही, बघा."

"नाही. ते माझं होतं. माफ करा."

"नाही नाही. चांगलं होतं ते. पण आता मशीन झाकताना म्हणता येणार नाही." त्यानंतर दीडएक वर्ष ते होते. बसून होईल तेवढं काम करायचे. संध्याकाळी मशीनवर कापड घालताना काही बोलायचे नाहीत.

चाळिसाव्याच्या दिवशी लोक उठून गेल्यावर भाभींनी माझ्यापुढे एक पुडकं ठेवलं. शाळेच्या गणवेशाच्या कापडात गुंडाळलेली ती जुनी कॅसेट होती. मी म्हटलं, "अजून ठेवली होती?" भाभी म्हणाल्या, "ठेवली होती म्हणजे? व्हीसीआर बिघडेपर्यंत बघायचे. छत्रीवाला लागला की बर्फापर्यंत बघायचे, आणि मी म्हणायची, आता बंद करा, पुढे तुमचं काही नाही. तर म्हणायचे, थांब, शेवट गुरुजींनी लावलाय, तो बघायला पाहिजे. पोरांचा नाच संपेपर्यंत हलायचे नाहीत."

कॅसेट हातात घेऊन मी तिथेच बसून राहिलो. इस्माईलभाईंचे फोटो आहेत. एक रेशनकार्डासाठी काढलेला, दोन लग्नातले. त्या सगळ्यांत ते कॅमेऱ्यासमोर ताठ उभे आहेत, हात कुठे ठेवावे हे न समजून. काम करताना ते फक्त एका ठिकाणी दिसतात, आणि ते माझ्या चुकीमुळे.

जव्हारच्या दमट हवेने फितीला बुरशी धरली आहे. नाशिकला एकजण जुन्या कॅसेट धुऊन तबकडीवर उतरवून देतो असं कळलं, म्हणून गेल्या रविवारी गेलो. त्याने झाकण उचलून फीत उजेडात धरली. म्हणाला, "सुरुवातीचं गेलंय बरंचसं. शेवटाकडचं निघेल कदाचित. खात्री देत नाही. शेवटाला काय आहे?" मी म्हटलं, शाळेचं गॅदरिंग. तो म्हणाला, महिनाभर लागेल.

त्याच्याकडे देण्याआधी मी त्याच्याच टेबलावरचा पेचकस मागून घेतला आणि मागची पट्टी मोडली. कट असा आवाज झाला, एवढंच. तो तुकडा माझ्या खिशात आहे. कॅसेट नाशिकला आहे. तिच्यात शेवटी इस्माईलभाई अर्धा मिनिट आहेत, दातात दोरा धरून.